लाइफ सायन्सची एम.एस्सी. झाली, आता नेटचा फॉर्म: कोणता पर्याय, कोणते दाखले

एम.एस्सी. वनस्पतिशास्त्रात केलेली असो, प्राणिशास्त्रात, सूक्ष्मजीवशास्त्रात की बायोटेक्नॉलॉजीत, सीएसआयआर-यूजीसी नेटच्या, म्हणजे संशोधन फेलोशिप आणि प्राध्यापकीसाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या, अर्जात विषय एकच: लाइफ सायन्सेस. संशोधनाकडे जायचं असो की प्राध्यापकीकडे, एम.एस्सी.नंतर बहुतेक जण हा फॉर्म भरतातच. नुसत्या एम.एस्सी.वर कंपनीत क्वालिटी कंट्रोलची नाहीतर कॉलेजात तासिका तत्त्वावरची नोकरी मिळते. तिथे दोन-तीन वर्षं कशी निघून जातात ते कळतही नाही, आणि मग वयाची अट आठवते.

परीक्षा राष्ट्रीय चाचणी संस्था म्हणजे एनटीए घेते. जून आणि डिसेंबर अशा वर्षातून दोन खेपा असतात, प्रत्यक्ष तारखा पुढेमागे होतात. फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो. त्यातला सगळ्यात महागात पडणारा प्रश्न अगदी साधा दिसतो: अर्ज कशासाठी करताय? २०२४ पासून तीन पर्याय आहेत. पहिला, जेआरएफ (संशोधनासाठी दरमहा मिळणारी फेलोशिप) आणि सहायक प्राध्यापक. दुसरा, सहायक प्राध्यापक आणि पीएच.डी. प्रवेश. तिसरा, फक्त पीएच.डी. प्रवेश. पहिला निवडला की गुणांनुसार खालच्या दोन्हींसाठीही तुमचा विचार होतो. तिसरा निवडला तर वरची दोन्ही दारं बंद.

आमच्याकडच्या एका मुलीने सरळ मनाने तिसरा पर्याय निवडला. ‘मला पीएच.डी.च करायची आहे ना सर,’ हे तिचं म्हणणं. निकाल लागला तेव्हा तिचे गुण जेआरएफच्या कटऑफच्या वर होते. गुण होते, फेलोशिप नव्हती. पुढच्या खेपेला पुन्हा बसली, पण सहा महिने गेलेच. म्हणून वयात बसत असाल तर डोळे मिटून पहिला पर्याय घ्या.

वयाची अट फक्त जेआरएफला आहे: ३० वर्षं. अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग आणि सर्व महिला उमेदवारांना त्यात ५ वर्षांची सूट मिळते. महिलांना ही सूट प्रवर्ग न पाहता मिळते, हे बऱ्याच जणींना माहीत नसतं. लग्न-बाळंतपणात मध्ये खंड पडलेल्या बत्तीस वर्षांच्या मुली ‘आता काय उपयोग’ म्हणून फॉर्मच भरत नाहीत. भरा. सहायक प्राध्यापकपदासाठी तर वयोमर्यादाच नाही.

गुणांची अट खुल्या गटाला ५५ टक्के, ओबीसी, अनुसूचित जाती-जमाती आणि दिव्यांग यांना ५ टक्क्यांची सवलत. ५४.९६ म्हणजे ५५ नव्हेत, त्यावर वाद घालून काही होत नाही. गुणपत्रकावर सीजीपीए असेल तर टक्केवारी काढण्याचं सूत्र प्रत्येक विद्यापीठाचं वेगळं आहे. सरसकट दहाने गुणू नका. विद्यापीठाने दिलेलं सूत्र वापरा आणि परीक्षा विभागाकडून तसं पत्र आताच घेऊन ठेवा, नोकरीच्या मुलाखतीलाही तेच लागतं. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असलात तरी ‘रिझल्ट अवेटेड’ म्हणून अर्ज करता येतो. मात्र नेटच्या निकालापासून दोन वर्षांच्या आत पदवी आणि आवश्यक गुण हाती हवेत.

आता नाव. दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर उलट. पॅनवर वडिलांच्या नावाचं एकच अक्षर. लग्नानंतर आधार बदललं असेल तर आडनावच वेगळं. फॉर्म भरायला बसण्याआधी दहावीचं प्रमाणपत्र आणि आधार शेजारी ठेवून स्पेलिंग अक्षर न् अक्षर ताडून पाहा. फरक असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या. नाव बदललेलं असेल तर राजपत्र किंवा विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवा.

पण आपल्याकडची मुलं खरी अडकतात ती प्रवर्गाच्या दाखल्यात. नेट ही केंद्राची परीक्षा आहे, तिथे महाराष्ट्राचे प्रवर्ग चालत नाहीत. व्हीजे, एनटी-बी, सी, डी, एसबीसी असे पर्याय फॉर्ममध्ये सापडणारच नाहीत. तुमची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल तर तिथे तुम्ही ओबीसी. राष्ट्रीय मागासवर्ग आयोगाच्या संकेतस्थळावर राज्यवार यादी आहे, ती स्वतः बघा, गावातल्या कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका. एसईबीसी हे मराठा समाजाचं आरक्षण राज्याचं आहे, केंद्रात ते नाही. अशा उमेदवारांनी निकषांत बसत असल्यास ईडब्ल्यूएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक), नाहीतर खुला गट निवडायचा.

दाखलाही केंद्राच्या नमुन्यातला हवा. महा-ई-सेवा केंद्रात ‘नॉन-क्रीमीलेअर द्या’ एवढंच म्हणालात तर समोरचा माणूस राज्याच्या नमुन्यातला देणार, कारण दिवसभर तो तेच काढत असतो. ‘केंद्र सरकारच्या नोकरीसाठीचा, सेंट्रलचा’ असं स्पष्ट सांगा आणि हातात आल्यावर त्यावर भारत सरकारचा उल्लेख आहे का, ते तिथेच उभं राहून वाचा.

उत्पन्नाचा हिशोबही ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला सारखा नाही. आकडा दोन्हीकडे ८ लाखांचाच दिसतो, म्हणून गोंधळ होतो. ओबीसीच्या क्रीमीलेअरसाठी उत्पन्न मोजताना आईवडिलांचा पगार आणि शेतीचं उत्पन्न धरत नाहीत, मात्र पालक वरच्या श्रेणीचे अधिकारी असतील तर त्यांच्या पदाचा निकष वेगळा लागतो. ईडब्ल्यूएसला मात्र पगार, शेती, धंदा, सगळं धरतात, शिवाय कुटुंबाची शेतजमीन पाच एकरांच्या आत हवी. कोरडवाहू का असेना, सातबाऱ्यावर सहा एकर दिसले की दाखला मिळत नाही. ईडब्ल्यूएसचा दाखला त्या-त्या आर्थिक वर्षापुरता असतो, त्यामुळे गेल्या वर्षीचा चालवून घेण्याचा प्रश्नच नाही. फॉर्म निघाल्यावर तहसीलला धावण्यापेक्षा एप्रिल-मेमध्येच काढून ठेवा.

फी अलीकडच्या खेपांत खुल्या गटाला ११५०, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसला ६००, अनुसूचित जाती-जमातींना ३२५ रुपये होती. भरण्याआधी त्या खेपेचं माहितीपत्रक पाहाच. मोबाइल आणि ईमेल स्वतःचाच द्या, कॅफेवाल्याचा नको. दुरुस्तीची मुदत मिळते, पण या दोन गोष्टी तेव्हा बदलता येत नाहीत.

पेपर तीन तासांचा, २०० गुणांचा. भाग ‘अ’मध्ये २० पैकी १५ प्रश्न, भाग ‘ब’मध्ये ५० पैकी ३५, दोन्हीकडे प्रत्येकी २ गुण. भाग ‘क’मध्ये ७५ पैकी फक्त २५, प्रत्येकी ४ गुण. चुकलं की त्या प्रश्नाच्या गुणांचा पाव हिस्सा कापला जातो. अभ्यासक्रमाची १३ युनिट आहेत आणि निम्मे गुण ‘क’मध्ये, तेही निवडून सोडवायचे. त्यामुळे तेराही युनिट घोकण्यापेक्षा सहा-सात पक्की करणारी मुलं पुढे जातात, असं मी तरी पाहत आलोय.

ज्यांना फक्त शिकवायचंय, त्यांनी सेट ही राज्यस्तरीय पात्रता परीक्षाही द्यावी. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं. दोन पेपर, मिळून ३०० गुण, निगेटिव्ह मार्किंग नाही, वयाची अट नाही. पण ती या दोन राज्यांपुरतीच, आणि तिच्यातून फेलोशिप मिळत नाही. जुलै २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी. सक्तीची नाही, नेट किंवा सेट हा किमान निकष आहे. जागा किती निघतात, हा वेगळा आणि दुःखाचा विषय.

जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये, मग कामाचं मूल्यमापन होऊन ४२,०००. घरभाडे भत्ता वेगळा, वसतिगृहात राहिलात तर तो नाही. ही रक्कम पीएच.डी.ला किंवा संशोधनाला रुजू झाल्यावरच सुरू होते, म्हणून निकालाची वाट न पाहता मार्गदर्शक शोधायला लागा. पुण्यात एनसीएल, आघारकर संशोधन संस्था आणि एनसीसीएस, नागपुरात नीरी, गोव्यात दोना पावलाला एनआयओ, खारघरला ॲक्ट्रेक ही संशोधनाची जवळची ठिकाणं.

दुसऱ्या किंवा तिसऱ्या पर्यायातून पात्र झालात तर पीएच.डी. प्रवेशासाठी गुण एक वर्षच चालतात. पीएच.डी. प्रवेशाच्या गुणवत्ता यादीत नेटचे ७० टक्के आणि मुलाखतीचे ३० टक्के धरतात. तिथे नाव लागलं आणि हाती फेलोशिप नसली, तर बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. त्यांच्याकडे पीएच.डी.च्या नोंदणीचं पत्र मागतात, तेव्हा विद्यापीठातून ते मिळालं की त्याच दिवशी स्कॅन करून ठेवा.