वेबमेल कॉम्प्युटरवर उतरवताना

पावसाळ्यात बेळगावजवळच्या जांबोटी, कणकुंबीच्या बाजूला रेंज येते आणि जाते. ब्राउझरमध्ये उघडलेला मेल अशा वेळी निरुपयोगी होतो, कारण वेबमेलमध्ये दिसणारं पत्र आपल्याजवळ नसतंच. दूरच्या सर्व्हरवरचं पान ब्राउझर तेवढ्यापुरतं आणून दाखवतो. थंडरबर्डसारखा मेल प्रोग्रॅम मात्र पत्रं आपल्या डिस्कवर उतरवून ठेवतो. मग दहा मिनिटं रेंज मिळाली तरी पुरते: नवी पत्रं आत येतात, लिहून ठेवलेली बाहेर जातात आणि बाकीचं वाचन लॅपटॉपच्या बॅटरीवर निवांत होतं. थंडरबर्ड विंडोज आणि लिनक्स दोन्हींवर फुकट चालतो.

खातं जोडताना पहिलाच प्रश्न येतो, पत्रं आणण्याच्या दोन रीतींपैकी कोणती: आयमॅप (IMAP) की पॉप (POP)? इथे घाई करू नये. आयमॅपमध्ये मूळ पत्र सर्व्हरवर राहतं आणि आपल्याकडे त्याची प्रत येते. दोन्हींचा मेळ सतत घातला जातो, म्हणून कॉम्प्युटरवर पुसलेलं पत्र फोनवरूनही जातं. ‘इथून पुसलं तरी तिकडे असेलच’ या समजुतीने पत्रं कायमची गेल्याची उदाहरणं कमी नाहीत. पॉप ही टपालपेटी रिकामी करून पत्रं घरी आणण्याची जुनी रीत. सर्व्हरवर प्रत ठेवायची की नाही, आणि किती दिवस, हे त्यात वेगळं ठरवावं लागतं. थंडरबर्डमध्ये तिथे १४ दिवसांचा आकडा आधीच भरलेला असू शकतो, तो जरूर तपासा. फोन आणि कॉम्प्युटर दोन्ही वापरणाऱ्याने आयमॅपच घ्यावं.

जीमेलसाठी येणाऱ्या पत्रांचा सर्व्हर ‘imap.gmail.com’, पोर्ट (सर्व्हरच्या दाराचा क्रमांक) ९९३, सुरक्षा एसएसएल/टीएलएस. जाणाऱ्या पत्रांचा, म्हणजे एसएमटीपीचा, ‘smtp.gmail.com’, पोर्ट ४६५, सुरक्षा तीच. पोर्ट ५८७ वापरला तर सुरक्षा स्टार्टटीएलएस निवडायची. ही जोडी चुकली की प्रोग्रॅम नुसता फिरत राहतो. पत्रं येतात पण जात नाहीत, अशी तक्रार असेल तर आयमॅप सोडून एसएमटीपीची ओळ बघा. ही दोन वेगळी यंत्रं आहेत.

पासवर्ड बरोबर असूनही ‘चुकीचा’ म्हणतो, ही सर्वांत जास्त येणारी अडचण. जीमेल आता नेहमीचा पासवर्ड अशा प्रोग्रॅमकडून घेत नाही. पडताळणीची रीत ‘ओऑथ२’ (OAuth2) ठेवली की ब्राउझरसारखी छोटी खिडकी उघडते. पासवर्ड तिथे थेट गूगललाच दिला जातो आणि प्रोग्रॅमच्या हाती फक्त परवान्याची खूण येते. थंडरबर्डमध्ये कुकीज (वेबसाइट ठेवते त्या छोट्या नोंदी) बंद असतील तर ही खिडकी अडकते. जुन्या प्रोग्रॅमसाठी १६ अक्षरी ‘अ‍ॅप पासवर्ड’ मिळतो, पण आधी दुहेरी पडताळणी चालू असावी लागते. खात्याचा मुख्य पासवर्ड बदलला की हा रद्द होतो.

जुन्या पीसीवर आणखी एक गोम असते. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपलेला असेल तर लाईट गेल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र तारखेवर तपासलं जातं, त्यामुळे मेल उघडत नाही. सेटिंग उकरण्याआधी तारीख बघा.

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक भागातल्या फाउंड्रीला कास्टिंगचं ड्रॉइंग पाठवताना जीमेलची २५ एमबीची मर्यादा आडवी येते, फाइल २० एमबीची असली तरी. कारण मेलची मूळ घडण साध्या इंग्रजी अक्षरांसाठी झाली. १९८२ च्या एसएमटीपीत ७ बिटांचीच सोय होती. म्हणून फाइलचे दर ३ बाइट ४ अक्षरांत बदलून पाठवले जातात. १८ एमबीची फाइल ओळींच्या शेवटांसकट साडेचोवीसच्या पुढे जाते, तेव्हा तिथेच थांबावं. त्याहून मोठी फाइल गूगल ड्राइव्हवर ठेवून दुवा पाठवावा. विषयाच्या ओळीतलं मराठीही याच वाटेने जातं: ‘बेळगाव’ म्हणजे यूटीएफ-८ मध्ये (युनिकोड अक्षरं साठवण्याच्या रीतीत) १८ बाइट, प्रवासात २४ अक्षरं, आणि पोहोचल्यावर पुन्हा ‘बेळगाव’. मराठी मजकूर जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टात टाइप केलेला असेल तर मात्र समोरच्याला इंग्रजी अक्षरांचा गोंधळच दिसणार. तिथे सेटिंग बदलून काही होत नाही. मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा किंवा पीडीएफ पाठवावी.

रेंज नसताना ‘वर्क ऑफलाइन’ निवडून पत्र लिहा. ते आउटबॉक्समध्ये थांबतं. खात्याच्या सिंक्रोनायझेशन सेटिंगमध्ये पत्रं या कॉम्प्युटरवर ठेवण्याची खूण आहे ना, हे रेंज असतानाच पाहून ठेवा. मोबाइल डेटा वाचवायचा असेल तर तिथेच अलीकडच्या काही महिन्यांचीच पत्रं उतरवायला सांगता येतं.

थंडरबर्ड बहुधा एका फोल्डरची सगळी पत्रं एकाच फाइलीत ठेवतो. पुसलेल्या पत्रावर नुसती खूण होते, जागा ‘कॉम्पॅक्ट’ केल्यावरच सुटते. प्रत काढताना प्रोग्रॅम आधी बंद करा, मग पूर्ण प्रोफाइल फोल्डर (थंडरबर्डची पत्रं आणि सेटिंग असतात तो) पेनड्राइव्हवर घ्या. पेनड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी इनबॉक्सची फाइल तो घेणार नाही. आधी तो रिकामा करून एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा.