सिगारेट सोडली आणि खोकला वाढला

नागपूरच्या धंतोलीत दवाखान्यांच्या आसपास ज्या चहाच्या टपऱ्या आहेत, तिथे एक वाक्य मी कितीतरी वेळा ऐकलं आहे. "सोडली होती ना भाऊ. पण सोडल्यावर जास्तच खोकून राहिलो. मग पुन्हा धरली. आपल्याला ते मानवत नाही." सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याचा खोकला खरंच वाढलेला असतो. मात्र त्याचा अर्थ तो उलटा लावतो आणि बरं होऊ लागलेलं शरीर पंधराव्या दिवशी पुन्हा धुराच्या हवाली करतो. मला याची फार हळहळ वाटते, म्हणून आधी खोकल्याबद्दलच लिहितो.

श्वासनळ्यांच्या आतल्या अस्तराला अतिसूक्ष्म केसांसारखे तंतू असतात. ते एका लयीत सतत हलत राहतात आणि धूळ, जंतू चिकटलेला कफ हळूहळू घशाकडे सरकवतात. धुरामुळे हे तंतू आखूड होतात, सुस्तावतात, काही ठिकाणी नाहीसेच होतात. कफ मात्र नेहमीपेक्षा जास्त तयार होतो आणि तिथेच साचतो. ओढणं थांबलं की तंतू पुन्हा वाढू लागतात, हलू लागतात आणि तुंबलेला कफ वर यायला लागतो. काही जणांना सुरुवातीचे काही आठवडे जास्त खोकला येतो तो यामुळे. पुढच्या काही महिन्यांत तो ओसरतो आणि जिना चढताना लागणारी धापही कमी होते. अर्थात कफात रक्त दिसलं, ताप येत असला, वजन घटत असलं, तर वाट पाहू नका. दोन आठवड्यांहून जास्त टिकलेला खोकला क्षयासाठी तपासून घ्यायचा, हा नियम सिगारेट सोडलेल्यांनाही लागू आहे.

दुसरी तक्रार असते छातीत धडधडण्याची आणि झोप न येण्याची. इथे चहाचा हात असतो, आणि ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. चहा-कॉफीतलं कॅफिन आपल्या यकृतातल्या एका विकरामार्फत (एन्झाइममार्फत) मोडलं जातं. तंबाखूच्या धुरातली डांबरी रसायनं या विकराचं काम वाढवून ठेवतात, त्यामुळे ओढणाऱ्याच्या शरीरातून कॅफिन भराभर निघून जातं. सिगारेट सुटली की आठवडाभरात यकृत मूळ वेगावर येतं. चहाचे कप तेवढेच राहतात, रक्तातलं कॅफिन मात्र जवळजवळ दुप्पट होऊ शकतं. मग हात थरथरतात, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, आणि दोष सिगारेट सोडण्याला जातो. उपाय साधा आहे: त्या दिवसांत चहा निम्मा करा. टपरीवर उभं राहणं कमी झालं, तर हातात आयती सिगारेट येण्याचा प्रसंगही टळतो. दम्यासाठी थिओफिलिन घेत असाल, तर सिगारेट सोडल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. तेही याच विकरामार्फत मोडतं, त्यामुळे मात्रा बदलावी लागू शकते.

चिडचिड निकोटिनच्या तुटवड्याची असते. रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्मं होतं. रोजच्या माऱ्याने मेंदूत निकोटिन पकडणाऱ्या ग्राहींची संख्या वाढलेली असते, आणि ते रिकामे राहिले की जीव कासावीस होतो. पहिले तीन दिवस सर्वांत कठीण. मग दोन ते चार आठवड्यांत त्रास बराच उतरतो, आणि तीनेक महिन्यांत ग्राहींची संख्याही न ओढणाऱ्याइतकी होते. सिगारेटने टेन्शन जातं असं वाटतं, कारण मागच्या सिगारेटने मागे ठेवलेली बेचैनी पुढची सिगारेट तेवढ्यापुरती शमवते. सोडलेल्या लोकांची चिंता आणि उदासी काही महिन्यांनी ओढत राहिलेल्यांपेक्षा कमी असते, असं अनेक अभ्यासांत दिसलं आहे.

हे सगळं जाणवतं. फायद्याच्या कितीतरी गोष्टी मात्र जाणवतच नाहीत. शेवटच्या सिगारेटनंतर २० मिनिटांत नाडी उतरू लागते. धुरातला कार्बन मोनॉक्साईड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २००हून अधिक पटींनी घट्ट चिकटलेला असतो, तोही दिवसभरात बहुतेक सुटून जातो. वर्षभरात हृदयविकाराचा वाढलेला धोका साधारण निम्म्यावर येतो. फुप्फुसाच्या कर्करोगाने मृत्यू येण्याचा धोका निम्मा व्हायला मात्र दहाएक वर्षं लागतात. फुप्फुसांतले फाटलेले वायुकोश पुन्हा जुळत नाहीत, हेही स्पष्ट सांगितलं पाहिजे. पण क्षमता घसरण्याचा वेग मंदावतो, आणि साठीच्या माणसाला घराबाहेर चालता येतं की नाही, हे त्या वेगावर ठरतं.

ब्रिटनमध्ये १९५१ साली डॉक्टरांवरच एक अभ्यास सुरू झाला आणि तो ५० वर्षं चालला. आयुष्यभर ओढणाऱ्यांचं आयुष्य सरासरी १० वर्षांनी घटलं होतं. ज्यांनी तिशीत सोडली, त्यांना ती जवळपास सगळी परत मिळाली, चाळिशीत सोडणाऱ्यांना ९, पन्नाशीत ६ आणि साठाव्या वर्षी सोडणाऱ्यांनाही ३. "आता या वयात काय सोडायची?" असं म्हणणाऱ्या प्रत्येक काकांना मी हा शेवटचा आकडा सांगतो.

दिवसाला एकावर आणली तरी भागत नाही. एका सिगारेटनेही हृदयाचा धोका, वीस ओढणाऱ्याचा जितका वाढतो, त्याच्या निम्म्याच्या आसपास वाढतो. विडी सौम्य असते, हाही आपल्या विदर्भात मुरलेला गैरसमज. गोंदिया-गडचिरोलीच्या जंगलातलं तेंदूपान सहज जळत नाही, म्हणून विडी विझू नये यासाठी झुरके वरचेवर घ्यावे लागतात, आणि डांबर, कार्बन मोनॉक्साईड भरपूर आत जातात. आणि विडी सोडून खर्रा धरणं? धूर चुकतो, पण निकोटिन तसंच राहतं. सुपारी-तंबाखूने गाल आतून ताठर होतात, तोंड उघडेनासं होतं आणि पुढे कर्करोगाची भीती. याला सोडणं म्हणायला मी तयार नाही.

मदत मागायला लाजू नका. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. औषधांच्या दुकानात निकोटिनची च्युइंगगम मिळते, पण ती खर्ऱ्यासारखी सतत चघळायची नसते. काही वेळा सावकाश चावून झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायची, झिणझिण्या ओसरल्या की पुन्हा चावायची. निकोटिन तोंडाच्या अस्तरातून रक्तात जातं. गिळलं तर मळमळ होते. गम घेण्याआधी १५ मिनिटं आणि ती तोंडात असताना कॉफी, संत्र्याचा रस किंवा थंड पेय नको, कारण आंबट तोंडात निकोटिन नीट शोषलं जात नाही.