ब्लॉकवरचा उठावदार आकडा म्हणजे इंजिन नंबर नव्हे

जुन्या गाडीचं बॉनेट उघडायचं, ब्लॉकवरचे (इंजिनाच्या ओतीव मुख्य धडावरचे) उठावदार आकडे वाचायचे आणि ‘हे अमुक इंजिन’ म्हणून मोकळं व्हायचं, ही समजूत फार जुनी आहे. चूकही तितकीच जुनी.

उठावातले आकडे साच्यातून येतात. तो कास्टिंग नंबर. एकाच ओतकामातून वेगवेगळी इंजिनं बनत. शेवरोलेच्या ‘स्मॉल ब्लॉक’ या V8 इंजिनाचा 3970010 घ्या. 1969 मध्ये 302, 327 आणि 350 घन इंचाच्या तिन्ही इंजिनांना तो लागला. तिघांचा बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, 4 इंच, त्यामुळे सिलिंडर मोजूनही हाती काही लागत नाही. फरक स्ट्रोकमध्ये, म्हणजे पिस्टन वर-खाली जातो त्या अंतरात: अनुक्रमे 3, 3.25 आणि 3.48 इंच.

ओतकामाच्या तारखेचीही गंमत आहे. ‘C 14 9’ म्हणजे 14 मार्च (C हे तिसरं अक्षर, म्हणून तिसरा महिना). पण 9 म्हणजे 1969 की 1979? हा ब्लॉक दोन्ही साली ओतला जात होता.

खरी ओळख ठोकलेल्या, म्हणजे खोलगट अक्षरांत असते. उजव्या सिलिंडर हेडच्या (सिलिंडरांवरच्या झाकणाच्या) पुढे ब्लॉकवर एक सपाट पट्टी आहे. तेलकट थर पुसून तिरपा टॉर्च मारा. V0314 सारख्या खुणेत V म्हणजे अमेरिकेतल्या फ्लिंटचा कारखाना, पुढे महिना-दिवस, आणि त्यामागून ठोकलेली अक्षरं इंजिनाचा प्रकार सांगतात. ब्लॉकचा माथा कधी घासून घेतला असेल, तर मात्र हे सगळं भुशाबरोबर गेलेलं असू शकतं. मग स्ट्रोक मोजा.