जुन्या अनोळखी संगणक-फायलींची ओळख

कोणत्या प्रोग्रॅममध्ये तयार झाली हे कुणालाच सांगता येत नाही अशी जुनी फाईल तिच्या आतील बाइटांच्या (संगणक साठवतो त्या ० ते २५५ मधील संख्यांच्या) मांडणीवरून ओळखली, की तिचे आजच्या स्वरूपात रूपांतर करता येते. प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला केंद्राने २०२२ मध्ये मंजुरी दिली. त्यामुळे विदर्भातील सेवा सहकारी संस्थांसाठी, म्हणजे तिथल्या याच पतसंस्थांसाठी, हे काम निकडीचे आहे, कारण सभासदांच्या कर्जाचा जुना हिशेब अशा फायलींत अडकलेला असू शकतो.

मूळ डिस्कवर काही लिहिले जाणार नाही अशी व्यवस्था करून आधी प्रत घ्यावी आणि प्रतीवरच काम करावे. नावापुढील तीन अक्षरे कुणीही बदलू शकतो, म्हणून फाईल हेक्स एडिटरमध्ये, म्हणजे बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उघडून आरंभीचे बाइट पाहावेत. ‘पीके’ ही इंग्रजी अक्षरे दिसल्यास ती बहुधा झिप पद्धतीने आवळलेली असते. पहिला बाइट ३ असेल, तर डीबेस-तिसरी किंवा फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस प्रोग्रॅमांची शक्यता असते, पण एका बाइटावर निर्णय देऊ नये. या स्वरूपात पुढच्या तीन बाइटांत शेवटच्या बदलाची तारीख आणि त्यापुढील चारांत नोंदींची संख्या असते. लहान स्थानमूल्याचा बाइट आधी येतो आणि पुढच्या प्रत्येक बाइटाचे स्थानमूल्य २५६ पट असते, म्हणून १५६, १, ०, ० याचा अर्थ १५६ अधिक २५६, म्हणजे ४१२ नोंदी असा होतो. शीर्षभाग, म्हणजे नोंदींपूर्वीचा भाग, २५७ बाइटांचा आणि प्रत्येक नोंद ६८ बाइटांची असेल, तर फाईल २८,२७३ बाइटांची हवी; शेवटी समाप्तीचा एक बाइट असल्यास २८,२७४. हा मेळ बसला की ओळख भक्कम होते. ज्या नोंदीच्या आरंभी तारा (*) असतो ती खोडलेली असते, तरी ती फाईलमध्ये राहतेच. तिला चालू खातेदार समजल्यास फिटलेले कर्जही थकबाकीत दिसू शकते.

यूनिक्सची ‘फाइल’ ही आज्ञा किंवा ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचा ‘ड्रॉइड’ हा प्रोग्रॅम फाईलचा साचा बहुतेकदा सांगतात, परंतु आतील मराठी कोणत्या संकेतनात (अक्षरांना संख्या देण्याच्या पद्धतीत) आहे हे माणसालाच शोधावे लागते, आणि खरी मेहनत तिथेच आहे. इस्की हे भारतीय लिप्यांसाठीचे संकेतन, म्हणजे भारतीय मानक १३१९४ : १९९१, यात मराठी अक्षरे १६० च्या वरच्या किमतींत असतात आणि ‘हि’ लिहिताना आधी ‘ह’, मग इकार येतो. इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार दाखवणाऱ्या क्रुतिदेवसारख्या फाँटमध्ये इकार आधी येतो, कारण तिथे क्रम डोळ्यांना दिसतो तसा असतो. ‘हिंगणघाट’ हा शब्द एफ, जी, ए, एक्स अशा इंग्रजी अक्षरांनी सुरू झाला, तर संशय क्रुतिदेववर घ्यावा. गावाचे नाव ओळखीचे असल्यामुळे असा शब्द किल्लीसारखा उपयोगी पडतो.

शेवटची पडताळणी कागदावर होते. गटसचिवांच्या जुन्या कर्ज खतावणीतील काही खाती काढून त्यांची नावे, तारखा आणि शिल्लक पैशापर्यंत जुळवावी. जोडाक्षरे आणि रफार असलेली नावे मुद्दाम निवडावीत, कारण रूपांतरातील चूक आधी तिथेच उघडी पडते.