पाण्याचा नमुना आणण्याआधी एवढं वाचा

ओलिताचे दिवस आले की आमच्या माती-पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत कुणीतरी औषधाच्या डब्यात पाणी घेऊन येतंच. "तीनदा धुतला, भाऊ." तो नमुना आम्ही परत करतो. वीस किलोमीटरवरून आलेल्या माणसाला राग येणारच. पण फवारणीच्या डब्याच्या कडेला राहिलेला थेंबही आकडा फिरवतो, आणि चुकीच्या रिपोर्टचे पैसे आम्हाला नकोत. काउंटरवर कोरी बाटली फुकट मिळते, आधी ती न्या.

बोअर दहा मिनिटं चालू द्या, पाइपात उभं राहिलेलं पाणी निघून जाऊ द्या. त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळा, काठोकाठ भरा. वर नाव, गट नंबर, तारीख. सावलीत, जमल्यास बर्फात ठेवून त्याच दिवशी आणा. डिक्कीत दोन दिवस तापलेल्या पाण्यात जंतूंमुळे नायट्रेट (पाण्यात विरघळलेलं नत्र) कमी-जास्त होतं. मग रिपोर्ट बाटलीचा येतो, विहिरीचा नाही.

"मीटरवर टीडीएस तीनशेच आहे, मग तपासणी कशाला?" टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार; मीटर ते सगळे एकत्र धरतं. त्यात नायट्रेट किती, ते कळत नाही. पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे. उकळून ते जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची दुधाची पावडर अशा पाण्यात कालवू नका. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात नायट्रेट जास्त असलेल्या जिल्ह्यांत वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ आहेत.

पऱ्हाटीला (कपाशीला) युरिया टाकला आणि रात्री धो-धो पाऊस झाला, की पिकानं न उचललेलं नत्र नायट्रेट होऊन पाण्यासोबत खाली विहिरीच्या पाण्यात उतरतं. संत्र्याला रात्रभर पाट सोडून झोपलं तरी तेच. विहिरीला खेटून उकिरडा असेल तर युरिया न टाकताही नायट्रेट वाढतं. खारपाणपट्ट्याचं वेगळं: दर्यापूर-अकोटकडचं पाणी मुळातच खारं, त्याचा दोष खताला नाही. तिथे ओलिताआधी क्षार आणि सोडियम बघा, नाहीतर वावर चोपण होतं, म्हणजे सोडियमनं माती घट्ट होऊन पाणी मुरत नाही.

नायट्रेट लिटरला 100 मिलिग्रॅम आलं तर ते पाणी पिऊ नका, पण पिकाला चालतं. एकराला पाच सेंटिमीटर पाणी दिलं की सुमारे साडेचार किलो नत्र, म्हणजे दहा किलो युरियाएवढं, आपोआप पडतं. तेवढा युरिया कमी टाका. मातीचा नमुना सोबत आणलात तर दोन्हींचा हिशेब करून खताची मात्रा लिहून देतो, त्याची वेगळी फी नाही.

नमुने सोमवार ते गुरुवार, दुपारी बाराच्या आत. शनिवारी आणलेलं पाणी सोमवारपर्यंत पडून राहतं, म्हणून घेत नाही.