स्टोअरमधलं एक्स्टेंशन म्हणजे बिनधोक?

एक्स्टेंशन म्हणजे ब्राउझरला जोडायचं छोटं सॉफ्टवेअर. ‘एक्स्टेंशन ब्राउझरच्या अधिकृत स्टोअरमधून घेतलं की धोका नाही’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. स्टोअरमध्ये तपासणी होते, म्हणून तो पटतोही. पण ती कायमची हमी नव्हे.

समजा, सांगलीच्या मार्केट यार्डातल्या अडत दुकानात हळदीच्या पट्ट्या (विक्रीची बिलं) पीडीएफ करायला एक्स्टेंशन टाकलं. टाकताना ‘सर्व वेबसाइट्सवरचा डेटा वाचणे आणि बदलणे’ ही परवानगी दिली गेली. त्याच ब्राउझरवर जीएसटी आणि नेटबँकिंगही चालतं. वेबसाइटच्या पत्त्यातलं ‘https’ फक्त वाटेतला डेटा झाकतं. एक्स्टेंशन ब्राउझरच्या आतच बसलेलं असतं, त्यामुळे उघडलेलं पान त्याला दिसतं. पुढे ते दुसऱ्या कुणाला विकलं गेलं, तर नवा कोड अपडेटमधून आपोआप येतो. परवानगी आधीचीच, म्हणून पुन्हा विचारणाही होत नाही. खरी मेख इथेच आहे.

तपासायला दोन मिनिटं पुरतात. क्रोममध्ये तीन ठिपके, एक्स्टेंशन्स, मॅनेज एक्स्टेंशन्स, मग प्रत्येकाचं डिटेल्स. साइट ॲक्सेस ‘ऑन ऑल साइट्स’ असेल तर ‘ऑन क्लिक’ करा. न लागणारं रिमूव्ह करा. बँकेसाठी वेगळं प्रोफाइल ठेवा, त्यात एकही एक्स्टेंशन नको.