1 मीटरची चिमणी, 64 मीटरची पडझड

‘जुरासिक पार्क’ (1993) मध्ये टी-रेक्स दिसायच्या आधी पाणी दिसतं. गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेले पेले, लांबून येणारा पावलांचा दणका आणि पाण्यावर एकात एक उमटणारी गोल वलयं. स्टॅन विन्स्टन यांच्या चमूने बांधलेल्या यांत्रिक टी-रेक्सचं कौतुक सगळीकडे होतं आणि ते व्हायलाच हवं. फोमची कातडी कृत्रिम पावसात भिजून जड व्हायची, तो अवाढव्य सांगाडा थरथरायला लागायचा आणि मग माणसं टॉवेलने त्याला पुसत बसायची. पण माझ्या लेखी त्या सिनेमातली सगळ्यात देखणी करामत पेल्याचीच. ती जमवली सिनेमाचे स्पेशल इफेक्ट्स सांभाळणाऱ्या मायकेल लँटिएरी यांनी. पेल्याला कसाही धक्का दिला तरी हवी तशी वलयं काही येईनात. शेवटी त्यांनी गिटारवर पेला ठेवून तार छेडली आणि वलयं उमटली. मग गाडीतच पेल्याच्या खाली गिटारची तार ताणून बसवली आणि शूटिंगच्या वेळी ती छेडली.

हे का जमलं, ते पिठाच्या गिरणीत बघता येतं. गिरणी चालू असताना शेजारच्या ओट्यावर पाण्याने भरलेला स्टीलचा पेला ठेवा आणि उजेडाकडे तोंड करून तिरक्या नजरेने पाण्याकडे बघा. पेल्याच्या कडेला पाणी किंचित वर चढलेलं असतं. पेला एका लयीत वरखाली थरथरला की ती चढलेली कड त्याच लयीत बारीक लाटा सोडते. कड गोल असल्यामुळे लाटाही गोलच निघतात आणि मध्याकडे सरकतात. नुसता हिसका दिला तर त्यात कुठलीच एक लय नसते, पाणी हिंदकळतं आणि वलयं मोडतात. तारेला मात्र स्वतःचा सूर असतो. संगणकाने हीच वलयं काढायची म्हटलं असतं तर प्रत्येक लाट कुणाला तरी ठरवावी लागली असती. इथे ते काम पाण्यानेच केलं.

अशा हाती केलेल्या करामतींचं मला जे वेड आहे, ते यामुळेच. निसर्गाचे नियम आपोआप पाळले जातात. पण माप बदललं की हेच नियम उलटतात, आणि खरा अभ्यास तिथून सुरू होतो.

आपल्याकडे या अभ्यासाची सुरुवात दादासाहेब फाळके यांच्यापासून होते. ‘राजा हरिश्चंद्र’ (1913) च्या आधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर कॅमेऱ्याने त्याचं थोडं थोडं चित्रण करत राहिले. पडद्यावर मिनिटभरात अंकुर फुटला, वेल वाढला. ‘अंकुराची वाढ’ हे त्या लहानशा फिल्मचं नाव. महिन्याचा काळ मिनिटात बसवायचा, तर चित्रं सावकाश टिपायची. छोट्या प्रतिकृती खऱ्या वाटायला लावणाऱ्यांना याच्या उलट करावं लागतं.

समजा, एखाद्या साखर कारखान्याची 64 मीटर उंच चिमणी कोसळताना दाखवायची आहे. टोकावरून निसटलेली वीट जमिनीवर यायला सुमारे 3.6 सेकंद लागतात. आता सोळा पटींनी लहान, 4 मीटरची चिमणी बांधा. तिच्या टोकावरचा तुकडा 0.9 सेकंदात खाली येतो. उंची सोळा पटींनी घटली, पण वेळ चारच पटींनी. गुरुत्वाकर्षण तेच राहतं, म्हणून पडण्याचा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो. प्रेक्षकाला हे गणित माहीत नसतं. तरी त्याने जन्मभर वस्तू पडताना पाहिलेल्या असतात, त्यामुळे तुकडा भस्सकन खाली आला की ते खेळणं आहे हे त्याला लगेच कळतं. उपाय असा की, सेकंदाला सिनेमाच्या नेहमीच्या 24 ऐवजी चौपट, म्हणजे 96 चित्रं टिपायची आणि पडद्यावर 24 च्याच वेगाने दाखवायची. 0.9 सेकंदांचे 3.6 सेकंद होतात आणि चिमणीला तिचं वजन परत मिळतं.

एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्राउड यांनी जहाजांच्या छोट्या प्रतिकृती पाण्यात ओढून जो नियम मांडला, त्यात हेच वर्गमूळ आहे. 1916 मध्ये सुरू झालेल्या, पुण्याजवळ खडकवासल्याला असलेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात धरणांच्या प्रतिकृतींवर प्रयोग होतात, तिथेही पाण्याचा वेग याच हिशेबाने खऱ्या धरणावर नेला जातो. सिनेमावाला आणि धरणाचा इंजिनिअर इथे एकच गणित करतात.

पाणी मात्र या हिशेबात पुरतं बसत नाही. पैठणला जायकवाडीचे दरवाजे उघडले की बघायला गर्दी लोटते. 27 दरवाजे आहेत. बाहेर पडणारं पाणी फुटून पांढरं होतं, तुषार उडतात, लांब उभ्या माणसाच्याही चष्म्यावर थेंब बसतात. आता याच देखाव्याची सोळा पटींनी लहान प्रतिकृती करा. वेग वर्गमुळाने जुळवता येतो, पण थेंब लहान होत नाही. थेंबाचा आकार पृष्ठताण, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग आवळून धरणारा ताण, ठरवतो आणि पृष्ठताणाला आपल्या प्रतिकृतीशी काही देणंघेणं नसतं. तीन मिलिमीटरचा थेंब पडद्यावर जवळपास पाच सेंटीमीटरचा, लिंबाएवढा दिसतो. शिवाय कमी उंचीवरून पडणारं पाणी फुटतच नाही, काचेसारखं गुळगुळीत वाहतं. म्हणून पाण्याच्या प्रतिकृती जमतील तेवढ्या मोठ्या बांधतात आणि पृष्ठताण कमी व्हावा म्हणून पाण्यात साबणासारखी द्रव्यं घालतात. ‘टायटॅनिक’ (1997) साठी तर मेक्सिकोच्या किनाऱ्यावर भल्यामोठ्या टाकीत जवळपास खऱ्या मापाचं जहाज उभं केलं होतं. आगीचंही तसंच आहे. लहान घर पेटवलं म्हणून ज्वाला त्या प्रमाणात लहान होत नाहीत.

बाबूभाई मिस्त्री यांचा उल्लेख केल्याशिवाय पुढे जाववत नाही. ‘ख्वाब की दुनिया’ (1937) मध्ये अदृश्य माणसाची करामत त्यांनी काळ्या पडद्यासमोर काळ्या धाग्याने वस्तू हलवून दाखवली, आणि ‘काला धागा’ हे नावच त्यांना चिकटलं. लपवायला बारीक दोरा पुरेसा असतो असं वाटतं, पण तसं नाही. शेतावरून गेलेली विजेची तार किती लांबून दिसते! मागे उजळ आभाळ असतं ना. मागे काळं असेल तरच काळा दोरा नाहीसा होतो.

आता हे घरी करून बघण्यासारखं आहे, कारण बऱ्याच मोबाइलमध्ये सेकंदाला 240 चित्रं टिपणारं स्लो मोशन असतं. ते 30 च्या वेगाने दाखवलं की काळ आठ पटींनी ताणला जातो. आठचा वर्ग 64. म्हणजे 64 मीटरच्या चिमणीसाठी बरोबर 1 मीटरची प्रतिकृती लागेल. ती थर्माकोलच्या सलग ठोकळ्याची नको, अखंडच आडवी होईल. पदार्थाची मजबुती मापाबरोबर कमी होत नाही, म्हणून प्रतिकृती मुद्दाम कच्ची करावी लागते. प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये भरपूर चाळलेली माती मिसळून ठिसूळ वड्या पाडा आणि कच्च्याच सांध्यांनी रचा. आत चुलीतली वस्त्रगाळ राख भरा, म्हणजे धूळ लोटासारखी उठेल. उभ्या माणसाच्या डोळ्यांची उंची 1.6 मीटर धरली तर या जगात ती अडीच सेंटीमीटर होते. तेव्हा लेन्स जमिनीला टेकेल असा मोबाइल उलटा धरा. वरून शूट केलंत तर सगळी मेहनत वाया गेली. मोबाइलचा सेन्सर लहान असल्यामुळे जवळचं आणि लांबचं दोन्ही स्पष्ट येतं, हा मोठाच फायदा. अडचण उजेडाची. प्रत्येक चित्राला फार तर सेकंदाचा 240 वा भाग मिळतो आणि घरातले बरेचसे दिवे या वेगाला लुकलुकताना दिसतात. मे महिन्यातलं बीड-लातूरकडचं दुपारचं ऊन मात्र या कामाला पुरून उरतं. फक्त मोबाइल तापून बंद पडायच्या आत शॉट घ्या.